बागेतलं फर्निचर घरपोच मागवताना: भाडं आधी काढा, पैसे नंतर भरा

गच्ची, बाल्कनी किंवा अंगणासाठी फर्निचर मागवणारे बहुतेक जण आधी खुर्च्या पसंत करतात, मग पैसे भरतात आणि भाड्याचा विषय सगळ्यात शेवटी काढतात. तोवर घासाघीस करायला हातात काहीच उरलेलं नसतं. मग 'दोन-अडीच हजार होतील' असं ऐकलेलं भाडं माल दारात येईपर्यंत साडेचार हजारांवर जातं आणि वर हमालीचा वाद वेगळा.

हा क्रम उलटा करायचा आहे. बाहेरच्या फर्निचरचं भाडं वजनावर ठरत नाही, ते किती जागा अडवतं यावर ठरतं. आणि 'घरपोच' या शब्दात नेमकं काय धरलंय यावर उरलेला खर्च ठरतो. या दोन गोष्टी पैसे भरण्याआधी कागदावर आल्या पाहिजेत. खालचे टप्पे त्याच क्रमाने करा.

## टप्पा १: आधी स्वतःच्या घराची मापं घ्या

सुरुवात दुकानापासून नको, आपल्या दारापासून करा. टेप घेऊन हे मोजा:

- सोसायटीच्या गेटची रुंदी, आणि वर कमान असेल तर तिची उंची
- मुख्य रस्त्यापासून घरापर्यंतच्या गल्लीची सर्वांत अरुंद जागा
- लिफ्टच्या दाराची रुंदी आणि आतली लांबी, रुंदी, उंची
- जिन्याची रुंदी आणि वळणावरची मोकळी जागा
- घराचं दार, आणि बाल्कनी किंवा गच्चीचं दार

शेवटचं माप सगळ्यात जास्त विसरलं जातं. तीन सीटांचा सोफा हॉलमध्ये येतो, पण बाल्कनीच्या सरकत्या काचेतून बाहेर जात नाही, कारण एक पट्टा कायम बंदच राहतो. सरकत्या दाराची अर्धीच रुंदी तुमच्या कामाची असते. लिफ्टचंही तसंच. सहा माणसांच्या लिफ्टचं दार अनेकदा ७० सेंटिमीटरच्या आसपास असतं आणि ६५ सेंटिमीटर रुंदीची खुर्ची बॉक्ससकट त्यातून जेमतेम जाते.

गच्चीवर न्यायचं असेल तर लिफ्ट शेवटच्या मजल्यापर्यंतच जाते हे लक्षात घ्या. वरचा लोखंडी किंवा अरुंद जिना हमाल वेगळा मोजतात.

सोसायटीच्या ऑफिसात दोन गोष्टी विचारा: सामान चढवायची वेळ कोणती, आणि त्यासाठी अनामत किंवा लिफ्टचं शुल्क आहे का. दुपारी सामानाला बंदी असलेल्या सोसायटीत दुपारी टेम्पो पोचला तर त्याच्या थांबण्याचे पैसे तुमच्याच बिलात येतात. मुंबई-पुण्यात मोठ्या गाड्यांना दिवसाच्या ठरावीक वेळी प्रवेश नसतो, त्यामुळे 'सकाळी दहाला या' असं सांगून भागत नाही.

पडताळा: तुमच्या दारात कोणती गाडी पोचू शकते हे एका वाक्यात सांगता येतंय का? 'छोटा हत्ती (टाटा एस) गेटपर्यंत येतो, चारशेसात (त्याहून मोठा टाटा ४०७ टेम्पो) येत नाही, पुढे चाळीस मीटर हातावर न्यावं लागेल.' हे वाक्य तयार असेल तरच पुढे जा.

## टप्पा २: विक्रेत्याकडून बॉक्सची मापं मागा

जाहिरातीत दिलेली मापं जोडलेल्या फर्निचरची असतात. भाडं निघतं ते पॅक केलेल्या नगावर. म्हणून एवढंच विचारा: एकूण नग किती, प्रत्येक नगाची लांबी-रुंदी-उंची सेंटिमीटरमध्ये किती, प्रत्येकाचं खरं वजन किती, काय सुटं येतं आणि काय जोडून येतं, एकात एक बसणाऱ्या खुर्च्या एकत्र बांधणार की वेगवेगळ्या.

उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा मेलवर घ्या. फोनवरच्या 'साधारण एवढं' या उत्तरावर भाडं काढू नका. जो विक्रेता बॉक्सची मापं देऊ शकत नाही त्याने तो माल आधी कधी नीट पॅक करून पाठवलेला नसतो, असं मी तरी धरतो.

## टप्पा ३: भाड्याचं वजन स्वतः काढा

सर्वांत जास्त पैसे इथेच जातात, म्हणून हा टप्पा सावकाश करा.

ट्रकमधली जागा संपते तेव्हा ट्रक भरतो, मग वजन कितीही कमी असो. म्हणून वाहतूकदार खरं वजन आणि आकारावरून काढलेलं वजन यांपैकी जे जास्त असेल ते धरतात. आकारावरच्या वजनाला व्हॉल्युमेट्रिक वजन म्हणतात. बागेतल्या फर्निचरमध्ये बहुतेक वेळा हेच जास्त भरतं, कारण खुर्चीच्या पायांमध्ये आणि हातांमध्ये निव्वळ हवा असते.

दोन सूत्रं चालतात.

कुरिअर कंपन्या सहसा लांबी × रुंदी × उंची (सेंटिमीटरमध्ये) भागिले ५००० करतात.

रस्त्याने पार्ट-लोड (एकाच ट्रकमध्ये अनेकांचा) माल नेणारे घनफुटावर जातात: लांबी × रुंदी × उंची भागिले २७०००, आणि जे येईल त्याला ६, ७, ८ किंवा १० ने गुणायचं. हा गुणक म्हणजे एका घनफुटाला किती किलो धरायचे तो आकडा, आणि तो प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. खरा घनफूट २८,३१७ घन सेंटिमीटरचा. हिशेबाला सोपं म्हणून ३० × ३० × ३० धरतात, त्यात जवळजवळ पाच टक्के तुमच्या बिलात वाढतात. ते बदलून मिळत नाहीत, पण माहीत असावेत.

एक उदाहरण घेऊ. प्लास्टिक विकरची एक खुर्ची, बॉक्स ६० × ६५ × ८५ सेंटिमीटर, खरं वजन ६ किलो. घनफळ ३,३१,५०० घन सेंटिमीटर.

- कुरिअरच्या सूत्राने: ६६.३ किलो
- ट्रान्सपोर्ट, गुणक ७: ८५.९ किलो
- ट्रान्सपोर्ट, गुणक १०: १२२.८ किलो

खुर्ची तीच, सहा किलोची. आता समजण्यापुरते दर धरू. कुरिअर किलोला २२ रुपये सांगतं, पहिला ट्रान्सपोर्टवाला १२ रुपये (गुणक १०), दुसरा १५ रुपये (गुणक ७). भाडं होतं अनुक्रमे १,४५९, १,४७३ आणि १,२८९ रुपये. किलोला सगळ्यात स्वस्त सांगणारा सगळ्यात महाग पडला आणि त्याच्यात व कुरिअरमध्ये फरकच राहिला नाही.

सावधान: 'किलोला किती?' हा प्रश्न एकटा कधीच विचारू नका. दर, गुणक आणि किमान आकारलं जाणारं वजन हे तिन्ही एकत्र विचारा. किमान वजन ५० किलो असेल तर ३० किलोच्या नगालाही ५० चेच पैसे पडतात.

मापं घेताना बॉक्स फुगलेला असेल, बाहेर लाकडी पट्ट्या असतील किंवा पाय बाहेर आलेला असेल, तर सगळ्यात बाहेरच्या टोकापासून मोजतात. गोडाऊनमध्ये पुन्हा माप घेतलं जातं आणि तेच अंतिम धरतात. म्हणून विक्रेत्याला पॅक झालेल्या नगाला टेप लावून फोटो काढायला सांगा. नंतर माप वाढवून लावलं तर हा फोटो तुमचा एकमेव आधार असतो.

## टप्पा ४: ऑर्डर देण्याआधी घनफळ उतरवा

दराची घासाघीस करून दहा टक्के सुटतात, घनफळ उतरवून अर्ध्याहून जास्त सुटतं. तरी लोक दरावरच भांडतात.

खुर्च्या एकात एक. वरच्याच चार खुर्च्या वेगवेगळ्या पॅक केल्या तर घनफळ १३,२६,००० होतं, गुणक ७ ने ३४४ किलो. त्याच एकात एक रचल्या तर नग ६० × ६५ × १२० च्या आसपास येतो, म्हणजे १२१ किलो. किलोला १५ रुपये धरले तर एकीकडे ५,१५७ रुपये, दुसरीकडे १,८२०. मात्र एकात एक बसणाऱ्या खुर्च्या घेतल्या तरच हे जमतं, म्हणून मॉडेल निवडतानाच विचारा. रचताना दोन खुर्च्यांमध्ये फोमचा पातळ तुकडा हवा, नाहीतर पावडर कोटिंग घासून निघतं. लोखंडी खुर्चीचं कोटिंग निघालं की समुद्राजवळच्या घरात पहिल्याच पावसाळ्यात तिथे गंज धरतो.

टेबलाचे पाय सुटे. १५० × ९० × ७५ चं जोडलेलं टेबल १०,१२,५०० घन सेंटिमीटर जागा खातं. वरची फळी वेगळी (१५० × ९० × ८) आणि पायांची मोळी वेगळी (७५ × २५ × २०) केली तर दोन्ही मिळून १,४५,५००. जवळजवळ सातवा हिस्सा. बोल्टची पिशवी फळीच्या खालच्या बाजूला चिकटवायला सांगा. सुट्या बॉक्समधली बोल्टची पिशवी हरवते आणि मग तेवढ्यासाठी टेबल महिनाभर भिंतीला टेकून राहतं.

गाद्या आणि उश्या. याबाबत माझं मत ठाम आहे: फोम दूरवरून मागवू नका. फोम म्हणजे हवाच, आणि तिचं भाडं भरण्यात अर्थ नाही. विक्रेत्याकडून फक्त कव्हरं घ्या, फोम गावातल्या गादीवाल्याकडून मापावर कापून घ्या. विक्रेता गाद्यांशिवाय देत नसेल तर त्या व्हॅक्यूम पिशवीत दाबून पाठवायला सांगा.

छत्रीचा तळ. मोठ्या छत्रीचा पोकळ तळ घ्या, घरी आल्यावर वाळू किंवा पाण्याने भरा. काँक्रीटचा तळ घेतला तर तो अशा मोजक्या नगांपैकी एक असेल जिथे खरं वजन आकाराच्या वजनाला मागे टाकतं. छत्रीचा दांडा दोन तुकड्यांचा हवा. अडीच-तीन मीटरच्या अखंड दांड्याला बरेच जण लांबीचा जादा आकार लावतात.

झोपाळा. अंड्याच्या आकाराच्या टांगत्या झोपाळ्याची टोपली न दुमडणारी असेल तर तिचं भाडं ऐकून बहुतेक जण विचार बदलतात. दुमडणारी किंवा दोन भागांत येणारी टोपली मिळते, तीच घ्या. गुजरातमधल्या संखेड्याचा रंगीत लाखकामाचा झोपाळा कुणाला उघड्या अंगणासाठी मागवावासा वाटत असेल, तर भाड्याच्या आधीच थांबा. लाखकाम उन्हापावसासाठी नसतं. तो ओसरीत किंवा घरातच शोभतो आणि टिकतो.

पडताळा: नगांची नवी यादी आणि नवं घनफळ लिहून काढा. आता भाडं मालाच्या किमतीच्या एक तृतीयांशाहून जास्त येत असेल तर मी तो माल दुरून मागवणार नाही. लोखंडी बाकं, साधी सागवानी टेबलं, बांबूच्या खुर्च्या तालुक्याच्या गावातला फॅब्रिकेटर आणि सुतार चांगल्या करतात.

## टप्पा ५: माल कशाने आणायचा ते ठरवा

अंतर, घनफळ आणि तुमचा पत्ता या तिन्हींवर हे ठरतं.

कुरिअर एक-दोन छोट्या, दुमडलेल्या नगांसाठी ठीक. मोठ्या शहरात घरपोच मिळतं, पावती पक्की असते. कुरिअर सेवेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तो दरात धरलाय का ते विचारा.

पार्ट-लोड ट्रान्सपोर्ट लांबच्या मालासाठी. जोधपूरहून लोखंडी किंवा लाकडी सेट पुण्याला येतो तेव्हा तो एकाच ट्रकमध्ये बसून येत नाही. वाटेत भिवंडीसारख्या गोडाऊनच्या गावात उतरतो, पुन्हा चढतो, शेवटी छोट्या गाडीत जातो. प्रत्येक चढ-उतार म्हणजे एक धक्का. म्हणून कोपऱ्यांना जाड पुठ्ठा, काचेच्या किंवा दगडी फळीला लाकडी क्रेट हवाच. क्रेटमुळे घनफळ वाढतं, भाडंही वाढतं, पण काच फुटल्यावर नवी फळी मागवण्यापेक्षा ते स्वस्त.

पूर्ण टेम्पो हा पर्याय लोक विसरतात. माल दोनशे-अडीचशे किलोमीटरच्या आत असेल आणि घनफळ मोठं असेल, तर पूर्ण गाडीचं भाडं अनेकदा पार्ट-लोडच्या जवळपास येतं. त्यात किलोचा हिशेबच नाही, माल एकदाच चढतो आणि एकदाच उतरतो. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट बाय पावणेपाच फूट. रचलेल्या खुर्च्या, सुटं टेबल, छत्री आणि दोन बाकं त्यात आरामात बसतात. भाव घेताना परतीचं रिकामं भाडं धरलंय का, टोल कुणाचा, ताडपत्री आहे का आणि थांबण्याचे किती तास मोफत, हे विचारा. तुमच्या गावाकडे रिकामी परतणारी गाडी मिळाली तर दर बराच उतरतो. मार्केट यार्डात किंवा टेम्पो स्टँडवर एक-दोन दिवस आधी सांगून ठेवावं लागतं.

खासगी बसच्या टपावरून किंवा डिकीतून एखादी छत्री, दुमडती खुर्ची येते. पण ती थांब्यावर मिळते, घरी नाही, आणि तुटली तर दाद मागायला कागद नसतो. रेल्वे पार्सलही स्टेशन ते स्टेशन. दोन्ही टोकांची हमाली आणि टेम्पो जोडला की बचत उरत नाही.

कोकणातल्या घरांसाठी खास: बऱ्याच ट्रान्सपोर्ट कंपन्यांची शाखा चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ अशा ठिकाणी असते आणि त्यापुढच्या गावांना त्या 'ओडीए', म्हणजे नेहमीच्या डिलिव्हरीच्या हद्दीबाहेरचं ठिकाण धरतात. त्याचा आकार वेगळा आणि भरघोस असतो. अशा वेळी शाखेच्या गोडाऊनपर्यंतच माल बुक करून तिथून गावचा टेम्पो लावणं सहसा स्वस्त पडतं. पिनकोड एकच असला तरी वाडी दूर असेल तर बुकिंग करतानाच सांगा.

वेळही सांभाळा. फेब्रुवारी ते एप्रिल हा मागवण्याचा चांगला काळ. जूननंतर घाटात दरड आली की गाडी अडकते, पुठ्ठे भिजतात. गणपतीच्या दिवसांत मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना दरवर्षी बंदी घालतात, त्या आठवड्यात डिलिव्हरी कधीच ठरवू नका.

## टप्पा ६: सगळ्या ओळींसह लेखी भाव घ्या

'घरपोच' म्हणजे काय, हे आधी पक्कं करा. ते चारांपैकी एक असू शकतं: तुम्ही गोडाऊनमधून उचलायचं, गाडी गेटपर्यंत येणार पण उतरवणं तुमचं, तुमच्या मजल्यापर्यंत आणून देणार, किंवा मजल्यापर्यंत आणून जोडून देणार. ट्रान्सपोर्टच्या भाषेत नुसती 'डोअर डिलिव्हरी' म्हणजे बहुतेक वेळा दुसरा प्रकार. ड्रायव्हर एकटा असतो आणि गाडीतून नग खाली घ्यायला हात लावणं त्याचं काम नसतं.

मग या ओळी वेगवेगळ्या विचारा: मूळ भाडं, इंधन अधिभार, डॉकेट किंवा बिल्टीचा (माल बुक केल्याच्या पावतीचा) आकार, जोखमीचा आकार, ओडीए, हमाली आणि वाराई (माल चढवण्या-उतरवण्याचे पैसे), मजल्याचे पैसे, ठरावीक वेळी डिलिव्हरी हवी असल्यास त्याचा आकार, गोडाऊनमध्ये माल पडून राहिल्यास डॅमरेज किती दिवसांनी सुरू होतं.

चार रचलेल्या खुर्च्या आणि सुट्या पायांचं टेबल घेऊन हिशेब मांडू. घनफळ ६,१३,५००, गुणक ७, म्हणजे जवळजवळ १६० किलो. दर नमुन्यादाखल आहेत.

- मूळ भाडं, १५ रुपये किलो: २,४००
- इंधन अधिभार, १५ टक्के: ३६०
- डॉकेट: १००
- जोखमीचा आकार: १००
- ओडीए: १,०००
- दुसऱ्या मजल्यापर्यंत हमाली: ४००

एकूण ४,३६० रुपये, कर वेगळा. फोनवर 'चोवीसशे होतील' असं सांगणारा खोटं बोलत नव्हता, त्याने पहिली ओळ सांगितली होती.

भाडं विक्रेता आपल्या बिलात लावणार असेल तर त्यावर फर्निचरच्याच दराने जीएसटी लागतो. लोखंडी, लाकडी आणि प्लास्टिक विकरच्या फर्निचरवर तो १८ टक्के आहे. पूर्णपणे बांबू, वेत किंवा रॅटनचं असेल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के. म्हणजे 'भाडं ४,००० रुपये' याचा अर्थ ४,७२० होऊ शकतो. आकडा करासकट घ्या.

सावधान: भावपत्रकात कुठे 'जकात' दिसली तर ती ओळ काढायला लावा. महाराष्ट्रात जकात उरलेली नाही. मुंबईतली शेवटची १ जुलै २०१७ ला जीएसटीबरोबर गेली.

ऑनलाइन दुकानातून घेत असाल तर २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने डिलिव्हरी, हाताळणी आणि करासकट एकूण किंमत फोडसकट दाखवली पाहिजे. पैसे भरायच्या शेवटच्या पानावर अचानक नवे आकार जोडणं हे केंद्र सरकारच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत फसव्या पद्धतींमध्ये धरलं आहे. कार्टमधल्या आणि शेवटच्या पानावरच्या, दोन्ही आकड्यांचे स्क्रीनशॉट ठेवा.

## टप्पा ७: कागद आणि जोखीम

माल ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा असेल तर ई-वे बिल (माल नेण्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर काढायचा कागद) लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. पुण्याहून गोव्याला पाठवाल तर राज्य बदलतं, म्हणून ५०,००० चीच मर्यादा. किंमत करासकट धरतात. बिल कोण काढणार हे आधी ठरवा, नाहीतर गाडी वाटेत अडकते आणि थांबण्याचे पैसे तुमच्याकडे मागितले जातात. जुनं, वापरलेलं घरगुती फर्निचर एका घरातून दुसऱ्या घरात नेत असाल तर ई-वे बिल लागत नाही. तसं लिहिलेलं, सही केलेलं यादीसह पत्र ड्रायव्हरकडे द्या.

आता जोखीम. इथे लोक सर्रास चुकतात. रस्त्याने माल नेण्याच्या २०११ च्या नियमांनुसार, जास्त जोखमीचा दर भरला नसेल तर वाहतूकदाराची भरपाईची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीच्या वर जात नाही. भाडं २,४०० असेल तर कमाल २४,०००, मग तुमचा सेट ४०,००० चा असला तरी. शिवाय थोडं वाचवायला किंमत १०,००० लिहिली असेल तर १०,००० वर हात टेकले.

म्हणून बिल्टीवर खरी किंमत लिहा, 'ओनर्स रिस्क' (जोखीम मालाच्या मालकाची) छापलं असेल तर ते वाचून घ्या, आणि काच, दगड किंवा महाग सागवान असेल तर ट्रान्झिट विमा काढा. विमा विक्रेत्याच्या नावाने आहे की तुमच्या, हेही पाहा.

पडताळा: गाडी निघण्याआधी हातात हे हवं: बिलाची प्रत, बिल्टीचा नंबर आणि फोटो, नगांची संख्या, भाडं भरलेलं आहे की माल मिळाल्यावर द्यायचं ('पेड' की 'टू-पे'), आणि डिलिव्हरी शाखेचा फोन.

## टप्पा ८: माल दारात आल्यावर

सही सगळ्यात शेवटी करायची. आधी नग मोजा, मग प्रत्येक बॉक्सचे चारही कोपरे पाहा, फोटो काढा. ओला, फाटलेला, दाबला गेलेला बॉक्स दिसला तर पावतीवर सही करण्याआधी त्यावरच लिहा: 'नग क्रमांक ३ चा कोपरा फाटलेला, आतली फळी हलते.' पावतीवर 'माल चांगल्या स्थितीत मिळाला' असं आधीच छापलेलं असतं. त्याखाली नुसती सही केली की नंतरचा दावा फार अवघड होतो. ड्रायव्हर घाई करेल. त्याला पुढची डिलिव्हरी असते हे खरं आहे, म्हणून त्याच्याशी वाद न घालता पटकन लिहा आणि त्यालाही त्या ओळीशेजारी सही करायला सांगा.

हमाल आधी ठरवलेले असावेत. गाडी दारात उभी असताना ठरवलेला दर कधीच चांगला नसतो.

उघडताना सलग व्हिडिओ घ्या, लेबलपासून सुरुवात करून. बोल्ट, रबरी टोप्या, पाने (स्पॅनर) मोजा. जोडणी बाल्कनीतच करा. आत जोडलेलं टेबल परत सोडवावं लागलेली घरं मी बरीच पाहिली आहेत. सगळं नीट जुळेपर्यंत पुठ्ठे आणि फोम टाकू नका, कारण परत पाठवायचं झालं तर मूळ पॅकिंग मागतात.

## टप्पा ९: नुकसान झालं किंवा परत पाठवायचं असेल तर

त्याच दिवशी विक्रेता आणि वाहतूकदार दोघांनाही फोटोंसह लेखी कळवा. दोघे एकमेकांकडे बोट दाखवतील, तरी दोघांनाही पाठवाच. वाहतूकदाराविरुद्ध दावा करायचा असेल तर २००७ च्या रस्ते वाहतूक कायद्यानुसार लेखी नोटीस माल बुक झाल्याच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत जायला हवी. ही मुदत माल मिळाल्यापासून मोजत नाहीत. 'बघतो, करतो' यात दोन-तीन महिने सहज जातात, म्हणून पहिल्या पंधरा दिवसांतच नोटीस पाठवा.

विक्रेत्याकडून दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे आणि २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, जोधपूरला जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची.

परतीचं भाडं कोण देणार हे ऑर्डरच्या आधीच विचारून ठेवा. 'सात दिवसांत परत' असं लिहिलेलं असतं, पण माल सदोष नसून फक्त रंग आवडला नाही, तर परतीचं भाडं बहुतेक विक्रेते ग्राहकावर टाकतात. ते येतानाच्या भाड्यापेक्षा जास्तही पडतं, कारण जोडलेलं फर्निचर पुन्हा तेवढ्या लहान बॉक्समध्ये बसत नाही. शंका असेल तर आधी एकच खुर्ची मागवा, उन्हात ठेवून रंग पाहा, आणि मग बाकीचा सेट एकत्र बुक करा.